मागच्या सीटपर्यंत शब्द

रचना ओव्हाळ दुकानात आलेल्या गाडीला आधी हत्यार लावत नाही. आधी गाडीत जाऊन बसते. गिऱ्हाईक जिथे बसतं तिथे, दार लावून. कल्याणला मुरबाड रोडवरच्या त्या कार म्युझिकच्या दुकानात ती लागली तेव्हा या सवयीला सगळे हसले होते. बाई फिटर म्हणून लोक तसेही बघायला थांबायचेच. त्याआधी आठ वर्षं ती डोंबिवलीच्या एमआयडीसीत सर्किट बोर्डांना डाग द्यायचं काम करत होती. कंपनीनं गाशा गुंडाळला तेव्हा बरोबरीच्या बायका पॅकिंगच्या कामाला गेल्या. ही मात्र सोल्डरिंगची गन पिशवीत टाकून गाड्यांच्या दुकानांत विचारत फिरली. पाच दुकानांनी नाही म्हटलं. सहावं नयनचं.

ऐकण्याची सवय तिला वडिलांनी लावली. प्रफुल्ल ओव्हाळ गायन पार्टीचे साऊंडवाले. जयंतीच्या दिवसांत वर्तकनगरपासून उल्हासनगरपर्यंत त्यांचे भोंगे आणि मिक्सर फिरायचे. लहान रचनाला ते गर्दीच्या पार शेवटी उभं करायचे आणि गाणं झालं की विचारायचे, "शेवटची ओळ काय होती, सांग." तिला सांगता आली नाही, तर आवाज वाढवायचे नाहीत, मिक्सरची बटणं फिरवत बसायचे. लग्नानंतर ती वर्तकनगरमध्येच राहिली, वडिलांपासून दोन इमारती सोडून. नवरा सिद्धेश एका लॅबमध्ये कामाला. सकाळी डबे भरून झाले की ती स्कूटर काढायची आणि साडेदहाला कल्याणात हजर.

एप्रिलच्या शेवटी एका दुपारी दुकानासमोर सात सीटची जुनी व्हॅन थांबली. चालवणारे सहदेव भोईर, साठीचे, खडवलीकडचे. शेजारी त्यांची बायको रखमाबाई, नऊवारी, गळ्याला उन्हाळ्यातही मफलर. मागे तीन बायका.

सहदेव म्हणाले, "टेप वाजतो, पण मागं काय कळत नाय. भाच्यानं हे बसवलं, त्यानं तर आणखीच वाट लागली." त्यांनी मागचं दार उघडलं. सीएनजीची टाकी, पिशव्या, पितळी भांडी आणि या सगळ्यावर चढवलेला भलामोठा वूफर.

रचना मधल्या सीटवर तिघींच्यात जाऊन बसली आणि सहदेवांना गाडी स्टेशन रोडपर्यंत फिरवून आणायला सांगितली. फोनवर गाणं लागलं. बाईचा आवाज, एकटा, संथ. वूफर धम्म धम्म करू लागला आणि त्याखाली आवाज असा दबला, की बाई गातेय एवढंच कळावं. काय गातेय ते नाही.

"हे कोण गातंय?" रचनाने विचारलं.

शेजारची शेवंती म्हणाली, "आत्याच. पुढं बसलेली."

मग हळूहळू कळलं. रखमाबाई धवलारीण, लग्नगीतं म्हणणारी. आगऱ्यांच्या लग्नात हळद असो की मांडव, धवला म्हटल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही, आणि चाळीस वर्षं त्या भागातली लग्नं रखमाबाईंच्या गळ्यावर पार पडलेली. या वर्षी घसा बसला तो उठलाच नाही. डॉक्टरांनी सांगितलं, आतल्या पडद्यांवर गाठी आल्यात, सहा महिने गायचं नाही. धवले कुठे लिहिलेले नव्हते. शेवंती आणि दुसऱ्या दोघींना शिकवायचे, तर रोज रोज म्हणून दाखवायला गळा नाही. म्हणून रखमाबाईंनी महिनाभर घरात दार लावून, बसक्या आवाजात का होईना, थोडं थोडं करत, सगळे धवले पुतण्याच्या फोनवर म्हणून ठेवले. तिघीही कामाच्या. एक शाळेत स्वयंपाक करते, एकीची भाजी, शेवंती शिवणकामाची. तिघी एकत्र सापडायच्या त्या फक्त गाडीत, कामाला जाता-येता. तेवढाच वर्ग.

"या तिघींनी गायचं पहिलं लग्न कधी?" रचनाने विचारलं.

"अकरा दिवसांनी. टिटवाळ्याच्या पलीकडं," सहदेव म्हणाले.

रखमाबाई मागे वळल्या. आवाज खरखरीत, जेमतेम. "गो पोरी, मना नको आयकवू. माझाच आवाज मना कशाला? या तिघींना आयकव."

त्याच वाक्यात रचनाला काम सापडलं. पुढे कमी, मागे जास्त. पुढच्या दोन स्पीकरचा आणि मागच्या दोन स्पीकरचा आवाज वेगळा धरता आला पाहिजे. म्हणजे चार चॅनलचा अँप्लिफायर, दुकानाच्या भाषेत अँप, प्रत्येक स्पीकरला स्वतःची वाट. आणि वूफर नकोच.

दुकानात नयनने तोवर काउंटरवर एक चकचकीत खोकं काढून ठेवलं होतं. कोपरापासून बोटांपर्यंत लांब अँप, वर सोनेरी अक्षरांत दोन हजार वॅट.

"काका, हा टाका. गाव ऐकेल," नयन म्हणाला.

रचनाने अँप उलटा केला. "यात फ्यूज वीस अँपिअरचा आहे."

"मग?"

"गाडीचे साडेतेरा व्होल्ट. वीसने गुणा. पावणेतीनशे वॅटसुद्धा आत जात नाहीत, तर बाहेर दोन हजार कुठून येतील? आणि हा ठेवायचा कुठे? मागे टाकी. पुढच्या सीटखाली इंजिन, तिथे तर भाजून निघेल. उरली मधली सीट." तिने वाकून सीटखाली हात घातला. "चार बोटं जागा. त्यात एक बोट हवा खेळायला सोडायची."

सहदेव एकदा तिच्याकडे, एकदा नयनकडे बघत होते. नयनचा चेहरा उतरला. त्याने तिला आत बोलावलं.

"गिऱ्हाइकासमोर माझ्याच मालाची चिरफाड करतेस?"

"खोटं छापलंय ते मी कुठे छापलं?"

"लहान अँप म्हणजे लहान आवाज, असंच समजतात लोक. उद्या हे परत येऊन बोंब मारतील."

"मारली तर मी माझ्या सुट्टीच्या दिवशी काढून, तुम्ही म्हणाल तो बसवीन. पण आत्ता मी म्हणते तो बसवायचा."

नयन वाईट माणूस नव्हता. दुकान चालवायचं होतं त्याला. शेवटी तो म्हणाला, "कुठला म्हणतेस?"

तसा अँप दुकानात नव्हताच. नयनने मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्यांना फोन लावून दिले आणि पुढचे तीन दिवस रचना जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याशी बोलत राहिली. वॅट किती हे ती विचारतच नव्हती. लांबी किती, जाडी किती, फ्यूज केवढा, चारही चॅनल चालू असताना किती तापतो, खालचा घुमारा कापायचं बटण पुढच्या-मागच्या जोडीला वेगवेगळं आहे का. एकाने वैतागून विचारलं, "मॅडम, गाणी ऐकायचीत की परीक्षेला बसायचंय?" एक अँप जागेत बसत होता, पण बटण दोन्ही जोड्यांना एकच. दुसऱ्यात सगळं होतं, पण लोखंडी जाड पेटी, सीट खाली झाली की घासली असती. तिसरा मिळाला तो जेमतेम वहीएवढा, दोन बोटं जाड, फ्यूज पंचवीसचा आणि दावा फक्त चार वेळा साठ वॅट. हिशेब जुळत होता. खरं बोलणारी वस्तू सापडल्यासारखं तिला वाटलं. सहदेवांना फोन करून तिने सगळं समजावलं, तेव्हा ते म्हणाले, "ताई, तुमी मागं बसून आयकलात. तुमी म्हणाल तोच."

अँप आला. तिने सीटखाली लाकडी फळीचे दोन तुकडे ठोकून त्यावर तो चढवला, म्हणजे पावसाळ्यात पायांचं पाणी लागणार नाही. पुढच्या सीटच्या पाठीला, मागच्या बायकांच्या समोर, दोन लहान स्पीकर लावले. वूफर काढून सहदेवांच्या हवाली केला. दुकानाच्या दारात गाडी सुरू ठेवून धवला लावला. आवाज स्वच्छ आला. बंद करायची वेळ झाली होती, नयन शटरपाशी उभा होता, आणि तिने गाडी जाऊ दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सहदेवांचा फोन आला. "ताई, आवाज चांगलाय. पण गाडी पळायला लागली, की आतून कुणी शिट्टी मारतंय."

नयनने ऐकलं. त्याने फक्त भुवया उंचावल्या. तेवढ्यानेच रचनाचे कान तापले. चूक तिचीच होती. उभ्या गाडीत ऐकलं; पळत्या गाडीत ऐकलंच नाही. ज्या गाडीत गाणी फक्त पळताना लागणार, ती तिने एका जागी उभी करून तपासली होती.

मंगळवारी सुट्टी. ती कल्याणला स्कूटर लावून, हत्यारांची पेटी घेऊन लोकलने खडवलीला उतरली. सहदेव स्टेशनवर घ्यायला आले होते. अंगणात आंब्याखाली गाडी लावून तिने सीट सोडवली. इंजिनला जोर दिला की शिट्टी चढायची, सोडला की उतरायची. म्हणजे गाडीतल्या विजेचा आवाज गाण्यात शिरत होता. तिला आधी संशय आला वायरींचा. गाण्याची वायर आणि बॅटरीची वायर एकाच बाजूने नेली होती. तिने गाण्याची वायर उपसून दुसऱ्या बाजूने, पायपुसण्यांखालून नेली. दोन तास गेले. शिट्टी निम्मी झाली. निम्मी राहिली.

रखमाबाई ओटीवरून बघत होत्या. म्हणाल्या, "जेव आधी."

"हे झाल्याशिवाय घास उतरणार नाही, काकी."

"माझा गळा बसला तवा मीबी हेच म्हनलेलू. झाल्याशिवाय जेवनार नाय." रखमाबाई खरखरीत हसल्या. "चार दिस उपाशी रायलू. गळा काय बरा झाला नाय. वाळलू तेवढी."

रचना उठली, हात धुतले, आणि जेवली. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. जेवता जेवता तिला वडिलांचं आठवलं. भोंग्यात घरघर आली की ते मिक्सरकडे बघायचेच नाहीत, थेट जमिनीत ठोकलेल्या अर्थिंगच्या सळईकडे जायचे. ती पानावरून उठून पुन्हा सीटखाली शिरली. अँपची अर्थिंगची वायर तिने सीटच्या बोल्टखाली घट्ट दाबली होती. घट्ट होती, पण रंगावर. कारखान्यातला जाड रंग, खाली पत्रा; रंगातून वीज पत्र्यापर्यंत नीट पोचत नव्हती. तिने बोल्ट काढला, कानशीने रंग खरवडला, पत्रा चमकेपर्यंत घासला, वायर पुन्हा आवळली.

"काका, गाडी काढा. काकी, तुम्ही पुढे. शेवंतीताईंना आणि दोघींना बोलवा."

टिटवाळ्याच्या रस्त्याला सहदेवांनी तिसऱ्या गिअरमध्ये गाडी दामटली. शिट्टी नव्हती. चाकांची घरघर होती, खिडकीतला वारा होता, आणि त्या सगळ्याच्या वर रखमाबाईंचा आवाज, प्रत्येक अक्षर सुटं. पुढे मात्र एवढा हलका, की त्या खिडकीबाहेर शेतं बघत बसल्या होत्या. मागे तिघी आवाजात आवाज मिसळून म्हणत होत्या. मध्येच शेवंती थांबली.

"थांबवा, थांबवा. परत लावा." ओळ पुन्हा लागली. शेवंतीने तोंडावर हात घेतला. "आत्या, ते 'पाटावर' हाय?"

"मग काय हाय?"

"आमी म्हयनाभर 'वाटंवर' म्हनतोय."

रखमाबाई पूर्ण वळल्या. "नवऱ्याला हळद लावाया वाटंवर बसिवला? रस्त्यात?" आणि डॉक्टरांचं सगळं विसरून त्या हसल्या, खोकल्या, पुन्हा हसल्या. सहदेवांनी गाडी बाजूला घेतली, कारण त्यांनाही चालवता येईना. मग धवला पहिल्यापासून लावला. तिघींनी तीन चुका आणखी शोधल्या. एक रचनाने शोधली. तिला धवले येत नव्हते, पण काय ऐकू आलं ते ती सांगू शकत होती.

हळदीच्या दिवशी रखमाबाईंनी तिला बोलावलंच. मी काय करू तिथे, असं म्हणत ती गेली. व्हॅनमध्ये मागच्या सीटवर बसून तिने तिघींची शेवटची उजळणी ऐकली. मांडवात बायका गोळा झाल्या तेव्हा नवरदेवाच्या आईने रखमाबाईंकडे बघितलं. रखमाबाईंनी मफलर गळ्याभोवती घट्ट केला आणि शेवंतीच्या पाठीवर हात ठेवला. शेवंतीचा पहिला सूर जरा कापरा निघाला. दुसऱ्या ओळीला बाकीच्या दोघी आल्या, आणि मग कापरं राहिलं नाही. रखमाबाईंचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. एका ठिकाणी त्यांनी भुवई आक्रसली. रचना कान देऊन ऐकू लागली. पण ओळ बरोबर गेली, नवरा पाटावर बसला, आणि रखमाबाईंची भुवई उलगडली.

मागे उभ्या असलेल्या रचनाचा हात एका म्हातारीने धरला आणि तिला बायकांच्या रांगेत आणून बसवलं. कुणाची कोण, असं कुणी विचारलं नाही. रखमाबाई वाटी घेऊन आल्या आणि त्यांनी तिच्या दोन्ही गालांना हळद लावली, चांगली चोपून.

दुसऱ्या दिवशी दुकानात ती आली तेव्हा हळद पुरती निघाली नव्हती. साबणाने दोनदा धुतली तरी कानाजवळ पिवळं राहिलं होतं. नयनने त्या पिवळ्याकडे बघितलं आणि दाराकडे बोट दाखवलं. दारात एक टॅक्सी उभी होती, मालक बाहेर चहा पीत होता.

"त्यालाही अँप पाहिजे," नयन म्हणाला. "कुठला ते मी बोललो नाहीये. तू बघ."

रचनाने पिशवी काउंटरखाली ठेवली. ती टॅक्सीपाशी गेली आणि दार उघडून मालकाच्या जागी, ड्रायव्हरच्या सीटवर बसली.

"चहा संपवा," ती मालकाला म्हणाली. "मग आपण हायवेला एक चक्कर मारू. इथे उभ्या उभ्या नाही ऐकायचं."