अण्णांच्या मालकीचं मल्लेश्वरम

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बंगळुरातलं अख्खं मल्लेश्वरम आमच्या अण्णांच्या मालकीचं होतं. म्हणजे त्याचं इंटरनेटवरचं नाव, मागे डॉट कॉम लावलेलं. आम्ही त्याच मल्लेश्वरममध्ये भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो आणि खरे घरमालक आमच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर. पण हा तपशील अण्णांना फारसा महत्त्वाचा वाटत नसे.

अण्णा म्हणजे माझे वडील. यशवंतपूरच्या एका कारखान्यात स्टोअरचं काम बघत. त्यांना छंद एकच, रविवारी प्लॉट बघायला जायचं. बघायला, घ्यायला नव्हे. कारण प्रत्येक प्लॉटात काहीतरी खोट निघायचीच. एकाचं तोंड दक्षिणेला, एकासमोर विजेचा खांब, एकाच्या शेजाऱ्याचा चेहराच त्यांना पसंत पडला नाही. आता जिथे महागडं एचएसआर लेआउट आहे तिथे उभं राहून त्यांनी एकदा, "इथे राहणार कोण, कोल्हे?" असं विचारलं होतं. आई ते वाक्य दर दिवाळीला न चुकता म्हणून दाखवायची.

मी तेव्हा एका सॉफ्टवेअर कंपनीत पगारपत्रकं करत होते. कॉम्प्युटर मला समोरून दिसतो तेवढाच ठाऊक होता, पण डबा खाताना चार गोष्टी कानावर पडायच्या. अमेरिकेत लोक म्हणे नुसती नावं विकत घेऊन ठेवतात आणि मोठं गिऱ्हाईक आलं की विकतात. हे मी जेवताना सांगितलं, तसा अण्णांचा घास हातातच राहिला.

"म्हणजे खांब नाही, दक्षिण नाही, पाणी तुंबायचं नाही," ते म्हणाले. "शेजारीसुद्धा नाही! मल्लेश्वरम रिकामं आहे का बघ."

रिकामं होतं. डॉलर भरायला लागणारं कार्ड अमेरिकेत शिकणाऱ्या माझ्या चुलतभावाकडे होतं. त्यानं तिथून नाव नोंदवलं आणि बदल्यात मेतकूट मागवलं. मग अण्णा मला घेऊन सायबर कॅफेत गेले, मालमत्ता डोळ्यांनी पाहिली आणि मॉनिटरला कुंकू लावलं. नारळही आणला होता, पण कॅफेवाला "सार, स्वल्प बाहेर," म्हणाल्यामुळे तो पायरीवर फोडावा लागला.

"खाता कुणाच्या नावावर?" त्यांनी मला विचारलं. बंगळुरात प्लॉट घेतला की सरकारी दफ्तरात आपल्या नावाचा खाता करून घ्यायचा; तो झाला की माणूस निर्धास्त.

"तुमच्याच."

"सरी, ठीक," म्हणाले, आणि त्या दिवसापासून निर्धास्त झाले.

मालकी त्यांच्या अंगात चांगलीच भिनली. भाजीवाल्या अक्कानं दोडक्याचा भाव वाढवला तर ते माझ्याकडे असे बघत, जणू आपल्या हद्दीत आपल्यालाच लुबाडताहेत. रविवारचे प्लॉट बंद झाले. आई खूश झाली, मग रविवारी ते दिवसभर घरातच असतात म्हणून वैतागली.

दोन वर्षांनी श्रावणात मालक खाली आले. घर पाडून फ्लॅट बांधायचे आहेत, उगादीला, म्हणजे पाडव्याला, जागा सोडा म्हणाले. धाकटी बहीण तेव्हा पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला होती, कॉलेज दोन गल्ल्यांवर. अजून एक वर्ष मिळावं, एवढंच आईचं म्हणणं होतं. मालक नाही म्हणाले. आई स्वयंपाकघरात जाऊन डबे उगाच इकडचे तिकडे करत राहिली.

आणि गणपतीत मालकांचा मुलगा आमच्याकडे आला. नव्या फ्लॅटची माहिती त्याला इंटरनेटवर टाकायची होती आणि त्यासाठी मल्लेश्वरमचं नाव हवं होतं; ते अण्णांचं आहे हे गल्लीभर ठाऊक होतंच. अण्णांनी त्याला आधी थोडा वेळ उभा ठेवला, मग बसवला. आम्ही ही जागा बघायला आलो तेव्हा त्याच्या वडिलांनी जे विचारलं होतं, ते सगळं त्याला कन्नडमधून विचारून घेतलं. घरात माणसं किती? पाहुण्यांची ये-जा फार नाही ना? मी आत तोंडात पदर कोंबून बसले होते. भिंतीला खिळे ठोकू नका, एवढंच सांगायचं राहिलं.

शेवटी ठरलं. नाव त्यांनी घ्यायचं आणि आम्हाला एक वर्ष जास्त राहू द्यायचं. मालकांनीही वरून होकार दिला. आईनं त्या दिवशी शिरा केला. मुलगा लगेच कॅफेत चला म्हणत होता, पण गणपती उठले की पितृपक्ष. अण्णा पितृपक्षात साधी चप्पल घेत नसत, मग मल्लेश्वरम कुठलं विकणार? दसऱ्याचा मुहूर्त धरला.

दसऱ्याला मालकांचा मुलगा धरून आम्ही तिघं कॅफेत गेलो. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून. मी नाव शोधलं, तर मालक म्हणून तिथे भलत्याच कुणाचं नाव. पुन्हा शोधलं. पुन्हा तेच.

एसटीडी बूथवरून चुलतभावाला फोन लावला, तेव्हा उलगडा झाला. ही नोंदणी दोन वर्षांपुरतीच असते, पुढे पैसे भरून चालू ठेवावी लागते. तशी पत्रं त्याच्या विद्यापीठाच्या ईमेलवर येत राहिली असणार. तो शिक्षण संपवून बाहेर पडला होता आणि तो पत्ता बंद झाला होता. त्यालाही वाटलं होतं, एकदा घेतलं म्हणजे घेतलं.

"परवागिल्ला, अंकल," म्हणजे हरकत नाही, असं मालकांचा मुलगा म्हणाला आणि स्कूटर काढून निघून गेला. त्याच्याबरोबर आमचं वर्षही गेलं. घर आम्हाला उगादीलाच सोडावं लागलं.

कॅफेतून आम्ही चालत निघालो. आता आईला काय सांगायचं, ते मी मनात जुळवत होते. दुकानादुकानांतून आयुधपूजेचे कोहळे फुटलेले, सगळीकडे झेंडू. अण्णा सदऱ्याची इस्त्री सांभाळत चालले होते. मला त्यांचा राग आला होता आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं.

"दर दोन वर्षांनी पैसे भरायचे," ते म्हणाले, "म्हणजे ते भाडंच की."

"हो, अण्णा."

"मग भाडं म्हणून सांगायचं होतं की गं कुणीतरी," अण्णा म्हणाले. "जन्मात मी एका महिन्याचं भाडं चुकवलेलं नाही."