शिकारी काकांचा लोहार

शिकारी काकांच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर कायम बारीक आडव्या रेघा असत. सुरीची धार ते नखावर टेकवून पाहत. पाते घसरले तर बोथट, अडकले तर धारदार. आयुष्यात त्यांनी एकही जनावर मारले नव्हते. अंडेही खात नसत. शिकारीच्या सुरीने ते पेरू कापत, पेन्सिलीला टोक काढत, आणि तेही उभ्याउभ्या. पाच मिनिटे एका जागी बसणे त्यांना जमत नसे. रायपूरच्या बुढापाऱ्यातल्या घरात खुर्च्या पाहुण्यांसाठी होत्या. काका चहासुद्धा दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारत पीत.

हे वेड नोकरीतून आले. ते वनखात्यात कारकून होते आणि जप्त केलेल्या सुऱ्यांना चिठ्ठ्या बांधण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्यातल्या चांगल्या सुऱ्या एकाच हाताच्या आहेत, हे त्यांच्या लक्षात आले. धमतरी रस्त्यावरच्या एका गावात तो हात सापडला. बुधारू लोहार. ट्रकच्या जुन्या कमानीचा पाटा तापवून तो पाते ठोकून काढी आणि बिजाच्या लाकडाची मूठ बसवी. "कंपनीची सुरी चमकते," काका म्हणत, "ह्याची हातात बसते. चमक काय चाटाची आहे?" दर दसऱ्याला बुधारू त्यांच्यासाठी एक सुरी घरी आणून देई.

मग रायपूर राजधानी झाले. भोपाळहून साहेब आले, घरभाडी वाढली, नव्या दिवाणखान्यांना छत्तीसगढी वस्तू हव्या झाल्या. काकांची सुरी पाहिली की जो तो कारागिराचा पत्ता विचारी. काकांनी याआधी एका गावातले ओतारी पाहिले होते. साहेबांच्या मागण्या सुरू झाल्या आणि दोन वर्षांत तिथे घाईचा, एकसारखा माल निघू लागला. म्हणून ते एकच उत्तर देत, "वो तो गुजर गया, साहब."

बुधारू कुणाकडे मलेरियाने गेला, कुणाकडे क्षयाने. मला त्यांनी साप सांगितला. मी तेव्हा एका हिंदी दैनिकात होतो. हातघडणीच्या सुऱ्यांवर चार कॉलम लिहिले आणि शेवटी काकांच्या हवाल्याने टाकले की अखेरचा लोहार आता हयात नाही. मृत्यूची खातरजमा दोन ठिकाणी करावी, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मी एका ठिकाणीही केली नव्हती.

पुढच्या रविवारी मी काकांकडे बसलो असताना दार वाजले. काकूंनी उघडले. उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याचा निळा गणवेश घातलेला एक किडकिडीत माणूस उभा होता, हातात माझ्या बातमीचे कात्रण. काकू त्याला चांगल्या ओळखत होत्या.

"अहो," त्यांनी आत हाक मारली, "तुम्ही मारलेला माणूस दारात उभा आहे. चहा देऊ का पिंड?"

बुधारू हसला नाही. "मोला काबर मार डारेव, बाबू?" मला का मारलेत?

काकांची फेरी थांबली. "अरे, तुझे बचाने के लिए बोला. ये साहब लोग तुझे दुकानदार बना देते."

"त अब का हंव? हेल्पर हंव." मग आता कोण आहे मी? हेल्पर. तो उंबऱ्यावरच बसला. "तुमन साल मा एक ठन छुरी लेथव. मोर घर मा खवइया छै झन हें."

वर्षाला एक सुरी घेणारे एक गिऱ्हाईक आणि घरात खाणारी सहा तोंडे. गावात ट्रॅक्टर आल्यापासून नांगराच्या फाळाचे कामही गेले होते. आठ महिन्यांपूर्वी भट्टी विझवून तो कारखान्याजवळ बीरगांवला भाड्याच्या खोलीत राहायला आला होता. काकांना त्याचा पत्ता नव्हता, कारण मधे दसरा आला नव्हता.

त्या दिवसापासून काका घरी सापडेनात. ज्यांना ज्यांना मृत्यू सांगितला, त्या प्रत्येकाच्या दारी लूना घेऊन गेले. एक अधिकारी हसला, "क्या काका, बेचने के लिए ज़िंदा कर दिया?" बाकीच्यांचा रस आटला होता. जिवंत माणसाची सुरी काय, कधीही घेता येते. माझ्याकडे ते कार्यालयातच आले. "तू छापलं ना? मग तूच उठव त्याले." सातव्या पानावर, निविदांच्या खाली, दोन ओळींचा खुलासा आला. ते कात्रण खिशात घालून काका पुन्हा हिंडले आणि महिनाभरात नऊ नावांची यादी झाली.

बुधारूने यादी वाचून घेतली. खोलीमागे रुळाचा तुकडा ऐरण म्हणून मांडून, सुट्टीच्या दिवशी काम करून, महिन्याला एक सुरी होईल असे त्याने सांगितले. एक अट घातली. "फेर बाबू, तुंहर नंबर सबले पाछू." तुमचा नंबर सगळ्यांच्या मागे.

"हव," काका म्हणाले. एवढेच.

त्यांनी ती अट आपल्या पद्धतीने पाळली. तात्यापाऱ्यातला औषधवाला, दोन वकील, एक निवृत्त रेंजर, अशी नवी नावे ते आणत राहिले आणि प्रत्येक नाव स्वतःच्या नावाच्या वर लिहीत राहिले. दहावा नंबर बघता बघता एकोणिसावा झाला. "लग्नाच्या पंगतीत कधी दम निघाला नाही ह्यांचा," काकू म्हणत, "अन् आता पाहा, लाइनीत उभे!" माझा नंबर चौदावा होता, खोटे छापल्याची शिक्षा म्हणून मुद्दाम इतका खाली. तो मी काकांना देऊ केला.

"काहून? लाइन तोडाची नाही. जितके गिऱ्हाईक पुढे, तितकी त्याची भट्टी जळते."

दुसऱ्या वर्षी त्यांच्या छातीने दगा दिला. दवाखान्यात खाटेवर पडूनही पाय हलतच होते. मला पाहून त्यांनी विचारले, "कोणाचा नंबर चालू आहे?"

"माझा."

"मग इथं काय करून राहिला, पोट्ट्या? जाय बीरगांवले."

मी गेलो. बुधारू पात्याला पाणी देत होता. संध्याकाळी सुरी घेऊन परतलो तेव्हा काकांचा डोळा लागला होता. दोन दिवसांनी ते गेले.

यादी आता माझ्याकडे असते. बुधारू आता आठवड्यातले चार दिवस कारखान्यात न जाता भट्टीवर असतो. मध्यंतरी त्याने विचारले, "बाबू के छुरी कब बनही?" मी यादी काढून दाखवली. काकांचे नाव सर्वात खाली आहे. नवे नाव आले की मी ते त्यांच्या वर लिहितो. अजून अकरा जण पुढे आहेत.