साखरपुड्याआधी पक्का हवा होता तो दात

सांगा बरं, विश्वास कुणावर ठेवायचा? डॉक्टरवर, की दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्यांवर? मारुंजीत माझं हार्डवेअरचं दुकान आहे. गिऱ्हाईक खिळे नेतं आणि सल्ला ठेवून जातं. पुढचा एक दात काय पडला, किश्श्यांचा नुसता ढीग लागला!

झालं असं की, डॉक्टर मॅडमनी हाडात स्क्रू बसवला. हाड त्याला घट्ट धरेपर्यंत काढता-घालता दात दिला. "काका, हा फक्त दिसायला. यानं काही चावायचं नाही." इकडे मुलीचा साखरपुडा ठरलेला. कोळवणच्या व्याह्यांसमोर हा निसटला, तर काय फट दाखवत हसू? मला पक्का दात हवा होता!

*

सलीमभाई टाइल्सचा ठेकेदार, माझा जुना दोस्त. फरशी बोटानं वाजवून पोकळ कुठं आहे ते सांगतो.

"शेठ, दात काढा बाजूला. आ करा."

केला. हिरडीतून डोकावणाऱ्या स्क्रूच्या टोपीवर टकटक!

"भरीव हाय. डॉक्टर उगाच थांबवत्यात."

मागच्या गिऱ्हाइकानंही बोट पुढं केलं. "मी बी वाजवून बघू का?"

अरे, तोंड आहे की देवळातली घंटा!

*

प्लंबर बबन तर आणखी पुढचा. "आटा ढिला आसंल, शेठ. टेफ्लॉन टेपचे चार येढे मारायला सांगा मॅडमला. आयुष्यात हलायचा न्हाई."

मी फळीवरची टेप काढून पुढं केली.

"पण टेप तुमच्या दुकानातली नको. ती लई पातळ हाय!"

*

मॅडमपुढं मीही अक्कल पाजळली. "सलीमभाईनं ठोकून बघितलंय. पक्का आहे."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "ठोकून फरशी कळते, काका." मग स्क्रूवर एक बारीक खुंटी बसवली, जवळ यंत्राची दांडी धरली. नुसती धरली, टेकवली नाही. टीं! स्क्रू किती घट्ट बसलाय त्याचा आकडा आला. दुसऱ्या बाजूनं धरली. पुन्हा टीं!

"मागच्यापेक्षा चढलाय, पण पुरेसा नाही. आत्ता वर दात चढवला आणि स्क्रू हलला, तर सगळं पहिल्यापासून."

"जरा यंत्र इकडं-तिकडं धरून बघा ना, वाढेल थोडा."

"तुमच्या वजनकाट्यापाशी गिऱ्हाईक असं म्हणालं तर?"

मी काढता-घालता दात पुन्हा जागेवर बसवला.

*

घरी आलो तर बायको म्हणाली, "फोटोत तोंड मिटून बसा. तेवढीच घराला शांतता!"

*

साखरपुड्याला तोच काढता-घालता दात लावून गेलो. व्याहीही सकाळपासून ओठ मिटून. हसणं नाही, बोलणं बेताचं. माणूस कडक दिसतोय, फट दिसली तर काय म्हणेल?

तेवढ्यात फोटोग्राफर ओरडला, "दोन्ही काका, एकमेकांना पेढा भरवा! चावा… तसंच थांबा… हां, आता हात मागं!"

हात मागं आले.

त्यांच्या हातातल्या पेढ्यात माझा दात. माझ्या हातातल्या पेढ्यात त्यांचा!

व्याही माझ्या कानाशी वाकले. "पाव्हणं, माझा तुमच्याकडं, तुमचा माझ्याकडं. देण्याघेण्याचा हिशेब तेवढा इमानदारीनं ठेवा!"