सत्कारात राहून गेलेलं क्लॅरिनेट

खामगावात आमचं एक जॅझ मंडळ आहे. हसू नका. आठ बाप्ये आणि एकटी बाई मी, शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलेली. महिन्यातून एका रविवारी आमच्यातल्या दाताच्या डॉक्टरांच्या दिवाणखान्यात जमायचं, त्यांच्या परदेशातल्या मुलानं पाठवलेल्या तबकड्या ऐकायच्या, डोळे मिटायचे आणि भलत्याच जागी मान हलवायची. सरकीच्या व्यापाऱ्यांची मान तर तबकडी संपल्यावरही हलत असे, कारण त्यांना झोप लागलेली असे. मग चहा. मग "आपल्याकडे हे असलं काही नाही हो" असा सगळ्यांचा मिळून एक सुस्कारा. यांनी कधी उंबऱ्याबाहेर कान दिला होता का? मीही दिला नव्हता म्हणा.

तो दिला धामणगाव बढ्यात, एका विद्यार्थिनीच्या लग्नात. वरात निघाली आणि डीजेचा जनरेटर बसला. काय शांतता वाटली म्हणून सांगू! नवरदेव उन्हात घोड्यावर वाळत बसला. मग कुणाला तरी आठवलं की फक्त मारुतीच्या पारापर्यंत वाजवायला चार बँडवाले आणलेत. त्यात एक म्हातारा होता, दोन माणसं मावतील असा लाल कोट घातलेला, हातात क्लॅरिनेट. त्यानं एक चोथा झालेलं सिनेमाचं गाणं धरलं. पहिल्यांदा सरळ वाजवलं. दुसऱ्यांदा जरा वाकवलं. तिसऱ्यांदा गाणं सोडून असा काही भटकला की ढोलवाला घाबरून त्याच्या तोंडाकडे बघायला लागला. आणि बरोबर जागेवर परत आला! माझ्या हातातलं सरबत माझ्याच साडीवर सांडलं. तबकड्यांवर जे आम्ही डोळे मिटून शोधत होतो, ते इथं धुळीत उभं होतं.

मी गर्दीतून त्याला गाठलं. "चाचा, हे मधलं काय वाजवलं तुम्ही?"

"काही नाही बाई," तो म्हणाला. "तेच तेच वाजवून कटाळा येते. मंग जरासा फिरून येतो."

जरासा फिरून येतो! आमच्या मंडळातले प्राध्यापक याच गोष्टीवर अर्धा तास बोलतात आणि कुणाला काही कळत नाही.

आठवड्यानं मी रोहिणखेडला त्याच्या घरी गेले. लग्नसराई सोडली तर चाचा गाद्या भरतो. केसात कापूस, दाढीत कापूस. मी म्हटलं, तुमचं एखादं रेकॉर्डिंग ऐकवा. तो हसला. नव्हतंच. चाळीस वर्षं लग्नात वाजवलं, पण शूटिंगवाले घरी जाऊन त्याचा आवाज पुसतात आणि वर सिनेमाची गाणी चिकटवतात. आणि आता वेळ उरला नव्हता. त्यानं तोंड उघडून दाखवलं. वरचे समोरचे चार दात, चारही हलत होते, हिरडीत पू. क्लॅरिनेट वरच्या दातांवर टेकतं.

आमच्या डॉक्टरांनी तपासलं. साखर वाढलेली, विष पसरेल म्हणाले, येत्या सोमवारी काढायचेच.

"आणि कवळी?" मी विचारलं.

"कवळी हालते, बाई," चाचा म्हणाला. "आमच्या बँडातल्या दोघायचं पाह्यलं ना मी. फूक निंघते, सूर नाही निंघत."

म्हणजे उरला रविवार. मी मंडळाच्या मागे हात धुऊन लागले. हॉल ठरला, दुपारी तीन ते सहा. अकोल्याहून रेकॉर्डिंगवाला आला. पण आपल्याकडे माणसाला नुसतं ऐकायचं नसतं, आधी त्याचा सत्कार करायचा असतो. गुणी माणूस दिसला की आमचे हात शाल शोधतात.

चाचा लवकर आला. इस्त्रीचा पांढरा सदरा. स्टेजवर कोपऱ्यात उभा राहून, भिंतीकडे तोंड करून हळूच वाजवायला लागला. रेकॉर्डिंगवाला माईक लावून बघत होता. मी खुर्च्या मोजत होते, अध्यक्षांची गाडी दाराशी आली होती. मी हाक मारली, चाचा थांबला.

मग सुरू झालं. दीपप्रज्वलन, पंख्यानं दोनदा विझलं. प्रास्ताविक. पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांनी करून दिलेला पाहुण्यांचा परिचय. आजी-माजी सगळे. शाल घालताना फोटोवाल्याचं लक्ष नव्हतं, म्हणून शाल काढून पुन्हा घातली. एप्रिलचा महिना, म्हातारा शालीत उकडून निघाला. एका वक्त्यानं "वेळेअभावी थोडक्यात" म्हणून आपल्या आजोबांपासून सुरुवात केली. प्राध्यापकांनी त्यांचे ते नेहमीचे विचार मांडले. शी! नुसतं आठवलं तरी अंगाची लाही होते.

आणि सगळ्यात जास्त वेळ कुणी खाल्ला? मी. 'जॅझ म्हणजे काय' हे मी पाऊण तास समजावून सांगितलं. कुणाला, तर त्या हॉलमध्ये ते ज्याला येत होतं त्या एकट्या माणसाला. टाळ्या आल्या की मला चेव यायचा. चाचा मांडीवर क्लॅरिनेट ठेवून ऐकत होता, मधूनमधून मान डोलावत होता, आणि मी मूर्ख, मला वाटलं त्याला पटतंय.

मी बसले तेव्हा सहाला दहा कमी. पाठोपाठ हॉलचा मॅनेजर आला. "म्याडम, हळदीवाले खाली येऊन राह्यले. खुर्च्या उचलतो." आणि उचलल्याच. अकोल्याचा माणूस वायरी गुंडाळायला लागला.

मी फोन काढून चाचासमोर धरला. "चाचा, दोन मिनिटं. इथंच, जिन्यात."

त्यानं ओठांवरून जीभ फिरवली, क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि खाली घेतलं. "नाही होत, बाई. तोंड कोरडं पडलं. दात ठणकून राह्यले." वर मलाच समजावलं, "कार्यक्रम झकास झाला पण. एवढी मानसं मायासाठी कधी बोलली?"

सोमवारी दात निघाले. मंडळात सगळे म्हणाले, सोहळा हृद्य झाला. हृद्य! मी त्या दिवशी मंडळ सोडलं.

रेकॉर्डिंग आलं. तीन तास भाषणं. अगदी सुरुवातीला, माईक बघताना चुकून आलेलं, दीड मिनिट चाचाचं वाजवणं. तेच चोथा झालेलं गाणं. सरळ, मग वाकवलेलं, मग सोडून निघालेला तो.

ते घेऊन मी रोहिणखेडला गेले. नवी कवळी घालून तो गादी टाचत होता. मी ते फोनवर लावून समोर ठेवलं. त्यानं सुई खोचली, आणि गादीच्या काठावर त्याची बोटं आपोआप चालायला लागली. गाणं सुटलं, बोटं भटकायला निघाली. तो परत कुठं येणार हे आता मला कळत होतं, आणि तेवढ्यात फोनमधून खणखणीत आवाज आला, माझा:

"चाचा, थांबा! नंतर वाजवा, पाहुणे आले."

बोटं थांबली. त्या दिवशी थांबली तशीच, लगेच.

"आवाज साफ आला तुमचा, बाई," तो म्हणाला, आणि त्यानं सुई उचलली.