सुकन्याचे पासष्ट गुण

सुकन्या आणि मी लातूरच्या नर्सिंग कॉलेजात एका बाकावर बसायचो. पहिला नंबर माझा. तिचा सातवा-आठवा, कधी अकरावा. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती माझ्या वह्या मागायला यायची आणि मी, खोटं कशाला बोलू, दोन महत्त्वाची पानं काढून ठेवूनच वही द्यायची. तर ती सुकन्या आता ऑस्ट्रेलियात आहे आणि मी लातुरातच. हे मला अजून पचलेलं नाही.

बाई तशी साधी. औशाकडच्या खेड्यातली. केसांना तेल चोपडणारी, प्रत्येक कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर रबर लावणारी. सुई टोचताना पेशंटला त्याच्या म्हशीची खबर विचारायची, त्यामुळं म्हातारे तिच्याच नावानं हाका मारायचे. आम्ही दोघी एकाच खाजगी दवाखान्यात लागलो. पुढं मी इनचार्ज सिस्टर झाले, ती माझ्या हाताखाली आली. हे मला रास्त वाटत होतं.

मग एका संक्रांतीला तिळगूळ देता देता ती म्हणाली, "शिवकांता, म्या ऑस्ट्रेलियाच्या पीआरचा अर्ज करायले."

पीआर म्हणजे तिथं कायमचं राहायची परवानगी. तिनं मला सगळं समजावून सांगितलं, आणि मी हसरं तोंड करून ऐकलं. तिथलं सरकार माणसाला गुण देतं. वयाचे तीस, पदवीचे पंधरा, इंग्रजीच्या परीक्षेचे दहा, पाच वर्षांच्या वर नोकरी केली त्याचे दहा. निदान पासष्ट भरले तरच पुढची गोष्ट. तिचे बरोबर पासष्ट भरत होते. फक्त वयाची तेहतीस वर्षं पुरी व्हायच्या आत तिकडून निमंत्रण यायला हवं होतं, कारण नंतर वयाचे पाच गुण कापले जातात. आणि नोकरीचे दहा मिळायला दवाखान्याचं पत्र लागत होतं. काम कोणतं, आठवड्याला तास किती, कधीपासून.

डॉक्टर मला म्हणाले, "सिस्टर, तुम्ही लिहून आणा, मी सही करतो."

त्या दिवशी घरी येऊन मी माझे गुण मोजले. इंग्रजीची परीक्षा दिली असती तर माझेही पासष्टच. कागद फाडला आणि कुणाला काही बोलले नाही.

पत्र अर्ध्या तासाचं काम. मी साडेतीन महिने लावले. सुकन्या दर आठवड्याला विचारायची, "झालं का गं?" मी म्हणायची, "डॉक्टरांना टाइमच न्हाई." पत्र सहीसकट माझ्या खणात पडलं होतं. मला तिचं वाटोळं करायचं नव्हतं, देवाशपथ. तिनं माझ्यापुढं चार वेळा यावं, जरा मिनतवारी करावी, एवढंच. आणि वेळ होता की! सुकन्या नागपंचमीची. दरवर्षी त्या दिवशी ती डब्यात पुरणाची दिंडं आणायची आणि आम्ही वॉर्डात केक कापायचो. श्रावणापर्यंत काही घाई नाही, असं मी धरून चालले.

मेच्या सुरुवातीला पत्र दिलं. ते तिकडं तपासणीला गेलं. दोन जूनला सुकन्या ड्यूटीवर आली ती डोळे सुजवून.

"काल तेहतीस पुरे झाले," म्हणाली.

"काल कसे? नागपंचमी लई लांब हाय."

"कागदावर एक जून हाय ना गं."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आमच्या खेड्यांतल्या शाळेत नाव घालायला पोरगी नेली, की गुरुजी तारीख विचारतच नसत. सरसकट एक जून टाकून मोकळे. आमच्या वॉर्डातल्या अकरा सिस्टरांपैकी सातजणी एक जूनच्या. मी स्वतः एक जूनची! पण त्या दिवसाचा केक कोण कापतं? फॉर्म भरण्यापुरती आठवते ती तारीख. सुकन्याचे पासष्टाचे साठ झाले. माझेही झाले असणार. आता दोघी सारख्या, असं मनात आलं आणि मला बरं वाटलं.

पण करायला गेले गणपती अन् झाला मारुती. नियमात आणखी एक ओळ होती. नवऱ्याला कामापुरतं इंग्रजी येत असेल, तर पाच गुण जास्त.

सुकन्याचा नवरा रामलिंग. बोअरच्या जळालेल्या मोटारी पुन्हा गुंडाळून द्यायचं त्याचं दुकान. मराठी शाळेतून कसाबसा बारावी झालेला. त्यानं पुस्तकं आणली आणि वय वर्षं अडतीसला पहिल्यापासून सुरुवात केली. तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता कानात इंग्रजी बातम्या. गिऱ्हाईक आलं की "गुड मॉर्निंग, व्हॉट इज द प्रॉब्लेम?" शेतकरी हसायचे, "रामलिंग साहेब झाला रे!" म्हणायचे. तोही हसायचा. पहिल्यांदा नापास झाला. पुन्हा बसला.

जेवणाच्या सुट्टीत सुकन्या त्याचे निबंध मोबाइलवर तपासायची. एकदा तिनं त्याचं बोलणं रेकॉर्ड केलेलं मला ऐकवलं. आवडत्या माणसाबद्दल दोन मिनिटं बोला, असा प्रश्न होता. "माय वाइफ इज नर्स. शी इज नेव्हर टायर्ड. बट आय नो शी इज टायर्ड." सुकन्या व्याकरणाच्या चुका मोजत होती. मी उरलेली भाकरी डब्यात परत ठेवली. पीआरसाठी मी जळले होते ते ह्यापुढं काहीच नव्हतं, असं वाटलं.

दुसऱ्या खेपेला तो पास झाला. पुढच्या उन्हाळ्यात व्हिसा आला. शेवटच्या दिवशी सुकन्या पेढे घेऊन माझ्या टेबलाशी आली, पुडा ठेवला आणि हळूच म्हणाली, "पत्र तुझ्या खणात व्हतं. डॉक्टर बोलले मला, जूनमधीच."

मी पुडा बाजूला सारला. "मग बोलली का न्हाईस?"

"लई राग आला व्हता. पण तवाच ह्यांनी पुस्तकं आणली. मग राग करायला टाइमच न्हाई मिळाला. तू टाइमावर पत्र दिलं असतंस, तर हे माणूस मला कळलंच नसतं बघ."

टोमणा असता तर मी परतवला असता. ती खरंच बोलत होती. माझा हात दाबून गेली.

संध्याकाळी घरी आले. माझे यजमान, हरिओम, टीव्हीपुढं बसले होते. पेढे पुढं ठेवले. त्यांनी एक तोंडात टाकला.

"अहो," मी म्हटलं, "मी सांगितलं असतं, तर तुम्ही इंग्रजी शिकला असता?"

"कशाला?" ते म्हणाले, आणि दुसरा पेढा उचलला.