मागुरासाठी धुतलेलं आमिष

निजामाचं राज्य होतं तेव्हा आम्ही छावणीत राहायचो. मी कचेरीत कारकून. मासे खायचे एवढंच मला ठाऊक; गळ हातात धरला तो नाइलाजानं.

बायको बाळंत झाली आणि तापानं पडली. अंगावर दूध येईना. शेळीचं दूध लेकीला पचेना, प्यायली की ओकायची. हकीम म्हणाले, ताज्या मागुराचं कालवण द्या, दूध उतरेल. बाजारात नेमका तोच मासा मिळेना. मग शेजारच्या चाचांकडं गेलो. ते हिमरू विणायचे आणि जुम्म्याला खाम नदीवर गळ टाकून बसायचे.

माझ्या डब्यातली गांडुळं बघून ते हसले. "याला चिल्लर मासळी येते, बेटा. मागूर मिशांनी वास घेतो. त्याला बू पायजे. कोंबडीची आतडी मडक्यात घाल, दोन दिवस उन्हात ठेव. पाणी गढूळ असलं तर लईच बेस."

दोन दिवस मडकं परसात ठेवलं. नाकाला धोतर लावूनच तिकडं जायचो. तिसऱ्या दिवशी पहाटे निघालो तर आई म्हणाली, "धुऊन, हळद-मीठ लावून ठेवलंय बघ. सूनबाईच्या पोटात जाणारा मासा घाणीवर नको पोसायला."

आणि मी, दोन बुकं शिकलेला गाढव, मनातून सुखावलो. घाण गेली म्हणून.

दुपारपर्यंत गळ हलला नाही. चाचा आले, मडक्यात डोकावले आणि कपाळाला हात लावला. "अरे, ये धोया किनने?"

आईचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त. परत आतडी आणली. परत दोन दिवस ऊन. या बारीला मडक्याशेजारी मीच बसून राहायचो. आतून लेकीचं रडणं यायचं, रोज थोडं बारीक होत जाणारं. मला दुसरं काहीच करता येत नव्हतं. आतडी लवकर कुजावीत म्हणून मी देवाला हात जोडले, यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

तिसऱ्या दिवशी गळ टाकल्या टाकल्या मागूर लागला. हातभर लांब, मिशा हलवणारा. पळत घरी आलो. दारात चाचा उभे होते, त्यांनी माझ्या हातातून मासा काढून घेतला. लेक पहाटेच गेली होती, मी नदीवर पोचायच्या आधी.

आईनं मासा रांधला. तापातून उठायला हवी म्हणून बायकोला बळंच भरवला. दोन दिवसांनी तिला पान्हा फुटला. चोळी भिजायची आणि ती भिंतीकडं तोंड करून पडायची.

आई जिवंत होती तोवर अधूनमधून विचारायची, "पहिल्या बारीला का नाय लागला रे मासा?"

"पाणी गढूळ होतं," मी सांगायचो.