हिस्टामिन सरांच्या घरातला खोकला

हिस्टामिन सरांना खरं नाव होतं, पण ते स्टाफच्या हजेरीबुकाबाहेर कुणी वापरत नसे. फार्मसी कॉलेजात सत्तावीस वर्षं ते फार्माकॉलॉजी शिकवत आले, आणि त्यातही ऑटाकॉइड्स हा धडा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. बाकीचे मास्तर तो चार तासांत उरकायचे. सर अकरा तास घ्यायचे आणि वर म्हणायचे, जरा घाईतच झालं.

पहिल्या दिवशी फळ्यावर ते एकच ओळ लिहीत : 'शरीराने स्वतःच बनवलेलं स्वतःचं औषध.' मग खडू ठेवून वळत. "हार्मोन म्हणजे लांबच्या बदलीवर जाणारे साहेब. रक्तात बसायचं नि दुसऱ्या गावी जाऊन हुकूम सोडायचा. ऑटाकॉइड तसले नाहीत. ते गल्लीतले कामगार. तिथेच जन्मले, तिथेच राबले, तिथेच संपले. डास हाताला चावला तर हातच सुजतो ना? कान सुजतो का?" पोरं हसायची, आणि हसलेलं पोरगं विसरत नाही हे सरांना पक्कं ठाऊक होतं. मग तीन घराणी. अमाइनांचं घराणं, त्यात हिस्टामिन नि सेरोटोनिन. पेप्टाइडांचं, त्यात ब्रॅडिकायनिन नि अँजिओटेन्सिन. आणि पेशीच्या पडद्यातल्या स्निग्ध पदार्थापासून बनणारं, प्रोस्टाग्लँडिन नि ल्युकोट्राइनचं. वाटणी मात्र सरळसरळ पक्षपाताची. अकरांतले सहा तास एकट्या हिस्टामिनला, आणि ब्रॅडिकायनिनच्या वाट्याला जेमतेम अर्धा तास, तोही घंटा वाजता वाजता.

सरांची बायको बसस्थानकावर घोषणा करायची. सव्वीस वर्षं. स्थानकावर सगळे तिला बाई म्हणत, तेव्हा आपणही बाईच म्हणू. काचेच्या खोलीत माइकसमोर बसून बाई कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते सांगत, आणि असं सांगत की बहिरा म्हाताराही बरोबर गाडीत चढे. एका शब्दाचं शेपूट दुसऱ्यात अडकायचं नाही. बाईंना त्या आवाजाचा अभिमान होता, आणि का नसावा हो? दुसरं काय होतं त्यांच्या एकटीच्या मालकीचं?

तर सात महिन्यांपूर्वी त्या आवाजाला खोकला लागला. कफ नाही, ताप नाही, घशात नुसतं कुणी पीस फिरवल्यासारखं. वाक्य अर्ध्यावर आलं की ठसका. "फलाट क्रमांक चारवर लागलेली..." आणि मग सगळ्या स्थानकावर खो खो खो. प्रवासी वर बघायचे. एकदा तर एक बाबाजी खिडकीशी येऊन पाण्याची बाटली देऊन गेले, आणि बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नेमकी तेव्हाच स्थानकाची फरशी उखडली होती. सरांनी ऐकलं आणि लगेच निदान ठोकलं. "धूळ! अगं, सरळ आहे. धूळ गेली, हिस्टामिन सुटलं, खोकला आला." त्याच संध्याकाळी त्यांनी अँटिहिस्टामिनची गोळी आणली. बाईंना दिवसभर पेंग येऊ लागली, खोकला जागचा हलला नाही. सरांनी गोळी बदलली. मग उशा बदलल्या, पडदे धुतले, सतरंजी बाहेर काढली. फरशी बसवून झाली, धूळ बसली, खोकला काही बसेना.

"आपल्या डॉक्टरांना दाखवू का?" बाईंनी दोनदा विचारलं.

"घरात मी असताना?" सर म्हणाले. दोन्ही वेळा हेच म्हणाले.

शेवटी स्थानकप्रमुखांचं पत्र आलं. वीस तारखेला आवाजाची चाचणी. पंधरा मिनिटं न अडखळता घोषणा करता आल्या नाहीत, तर निवृत्तीपर्यंतची उरलेली चार वर्षं हरवलेल्या सामानाच्या काउंटरवर. बाईंनी पत्र वाचलं, घडी घातली आणि कपाटात ठेवलं. त्या रडल्या नाहीत, पण त्या दिवशी जेवल्याही नाहीत.

आता या घरातली एक रीत सांगितली पाहिजे. चौदा वर्षांपूर्वी सरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा चाचणीचे पेपर बाईंनी वाचून दाखवले. डोळे बरे झाले, रीत राहिली. रविवारी दुपारी गठ्ठा टेबलावर, सर आरामखुर्चीत डोळे मिटून, आणि बाई उत्तरं वाचताहेत, अगदी गाडी फलाटावर लावावी तशी स्वच्छ. सर मार्क सांगणार, बाई लिहिणार. विषयातलं बाईंना ओ की ठो कळत नसे, आणि कळायची कुणी अपेक्षाही केली नव्हती.

पत्र आल्यावरच्या रविवारी गठ्ठा होता ऑटाकॉइड्सचाच. प्रश्न पाचवा : एसीई इनहिबिटर गटातल्या औषधांचे दुष्परिणाम. बाई वाचत होत्या, दर दोन ओळींना खोकत होत्या. एका पोराने रक्तदाब फार उतरतो असं लिहिलं होतं, पोटॅशियम वाढतं असं लिहिलं होतं, आणि संपवलं होतं.

"बस? एवढंच?" सर कडाडले. "कोरडा खोकला कुठाय? एक मार्क काप. समोर ढळढळीत दिसणारी गोष्ट लिहीत नाहीत, गाढव लेकाचे!"

बाईंनी मार्क कापला आणि खोकल्या. सरांनी डोळे न उघडता पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

पाचवा की सहावा पेपर एका मुलीचा होता, अक्षर मोत्यासारखं. बाई वाचू लागल्या : "या गोळ्यांची नावं 'प्रिल'ने संपतात. रक्तदाबासाठी देतात. एसीई हे एन्झाइम अँजिओटेन्सिन तयार करतं, आणि तेच ब्रॅडिकायनिन मोडतं. गोळीने एन्झाइम अडवलं की रक्तदाब उतरतो, पण ब्रॅडिकायनिन श्वासनलिकेत साठत राहतं. काही रुग्णांना कित्येक आठवडे, महिने कोरडा खोकला राहतो. घशात गुदगुल्या होतात. हा खोकला हिस्टामिनचा नसल्यामुळे अँटिहिस्टामिनने..."

बाई थांबल्या. उठल्या. आत गेल्या, उशाजवळच्या डब्यातून गोळ्यांची पट्टी घेऊन आल्या आणि सरांच्या हातात ठेवली.

"वाचा. शेवट कसा होतोय नावाचा?"

सरांनी वाचलं. वाचायची गरज नव्हती. साडेआठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी बाईंना रक्तदाबाची गोळी सुरू केली होती, आणि दर महिन्याला ती दुकानातून आणत कोण होतं? खुद्द सर! नाव तोंडाने मागून, पट्टी हाताने मोजून घेऊन. पण ती गोळी त्यांच्या डोक्यात रक्तदाबाच्या धड्यात होती, खोकला हिस्टामिनच्या धड्यात, आणि बायको कुठल्याच धड्यात नव्हती. 

"अगं..." ते म्हणाले.

"त्या पोराचा मार्क कापलात," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "सात महिने मी तुमच्या कानाशी खोकतेय. खोकला कसा आहे, कधी येतो, घशात काय होतं, एकदा तरी विचारलंत? नाव दिलंत आणि मोकळे झालात. मला डॉक्टरकडे जाऊ दिलं नाहीत. माझा माइक जातोय, आणि तुम्ही पडदे धूत बसलात."

"चुकलं माझं," सर म्हणाले. सत्तावीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून कॉलेजात निघालं नव्हतं, घरात तर नाहीच नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी दोन मिनिटांत गोळी बदलली, दुसऱ्या गटातली दिली, जी ब्रॅडिकायनिनच्या वाटेला जात नाही. मग विचारलं, "सात महिने? अहो, मग आला का नाहीत?"

"मी अडवलं," सर म्हणाले. डॉक्टरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, कारण शेजारचा औषध दुकानदार सरांचाच विद्यार्थी होता, आणि सर काय शिकवतात ते डॉक्टरांना त्याच्याकडून चांगलं ठाऊक होतं. "लगेच नाही जायचा हं खोकला," ते एवढंच म्हणाले. "एक आठवडा, चार आठवडे, कधी त्याहून जास्त."

चाचणीला बारा दिवस होते. सर तडक स्थानकप्रमुखांच्या घरी गेले आणि लेखी दिलं : औषधाचा दुष्परिणाम होता, तो माझ्या हट्टामुळे ओळखला गेला नाही, माझ्या पत्नीला मुदत द्यावी. खाली सही, हुद्दा, कॉलेजचा पत्ता. प्रमुखांनी कागद दोनदा वाचला, हसू दाबलं आणि आठवडा वाढवून दिला. उद्या हा कागद गावभर होईल हे सरांना कळत होतं. झाला तर झाला.

ते एकोणीस दिवस सरांनी घरात सल्ला दिला नाही. सकाळी फक्त विचारायचे, "कसा आहे आज?" आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत उभे राहायचे. पहिला आठवडा तसाच गेला. दहाव्या दिवशी बाई म्हणाल्या, "पहाटे जाग आली नाही." पंधराव्या दिवशी ठसका दिवसातून चारदा. अठराव्या दिवशी दोनदा, आणि त्यातला एक जिना चढताना. दोनदा म्हणजे काही शून्य नव्हे. पंधरा मिनिटांत एकदा आला तरी सामानाचा काउंटर.

चाचणीच्या दिवशी सरांनी रजा टाकली आणि स्थानकाच्या बाकावर येऊन बसले. एका बाजूला बोचकी घेतलेलं कुटुंब, दुसऱ्या बाजूला पेपर तोंडावर घेऊन झोपलेला ड्रायव्हर. दहाच्या ठोक्याला कर्ण्यातून बाईंचा आवाज आला. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. सर प्रत्येक स्वल्पविरामाला श्वास धरत होते. बाराव्या मिनिटाला नऊ नंबरच्या फलाटाशी आवाज अडकला. कर्णा गप्प झाला. सरांनी बाकाची कड घट्ट धरली, शेजारचं मूल त्यांच्याकडे बघायला लागलं. एक, दोन, तीन सेकंद. मग गिळल्याचा बारीक आवाज, आणि नऊ नंबरची गाडी आपल्या जागी लागली. पुढची दहा नंबरला. मग अकरा. पंधरा मिनिटं संपली तेव्हा स्थानकात कुणालाच काही कळलं नाही. लोक उठले, पिशव्या उचलल्या आणि आपापल्या गाडीकडे गेले.

सर उठले नाहीत. दुपारच्या सुट्टीत बाई खोलीबाहेर आल्या तेव्हा ते तिथेच होते.

"अय्या, तुम्ही? कॉलेज?"

"रजा घेतली. काय म्हणाले?"

"राहिला माइक." बाई शेजारी टेकल्या. "सव्वीस वर्षांत पहिल्यांदा आलात इथं."

"हो," सर म्हणाले. त्यांना पुष्कळ काही बोलायचं होतं, पण अकरा तास बोलणाऱ्या माणसाला चार शब्द जुळवता येईनात. "किती चांगला आवाज आहे गं तुझा. मला माहीतच नव्हतं."

बाईंनी पदराने कपाळ पुसलं.

"घरीही हाच असतो," त्या म्हणाल्या.